खांबेटे सरांनी ठेवलेलं नाव

खांबेटे सरांनी नाव ठेवलं नाही असा माणूस आमच्या शाळेत सापडायचा नाही. हे वाक्य जरा जपून वाचायला हवं. नावं ठेवणं म्हणजे दोष काढणं, आणि तसं ते कुणाबद्दल पाठीमागेसुद्धा बोलले नाहीत. ते नाव ठेवायचे, एकवचनात, बारशाला आत्या ठेवते तसं. आत्या निदान पाळण्याशी वाकून कानात सांगते. सर शाळेच्या फाटकात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारायचे.

आमची शाळा सुरतेच्या उधन्यातली, मराठी माध्यमाची. पोरं बहुतेक खानदेशातून सुरतेला आलेल्या घरांतली. बाप लूमवर नाही तर डाइंग मिलमध्ये, आई घरी बसून साड्यांचे सुटलेले धागे कापणारी. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत आमची पुस्तकातली मराठी. एवढ्या भाषा पेलणाऱ्या त्या पोरांना इंग्रजी म्हटलं की मात्र घाम फुटायचा. सर त्यांना इंग्रजी शिकवायचे, मी विज्ञान. आमच्या दोन वर्गांमध्ये प्लायवूडची भिंत होती. मी फळ्यावर जठर काढत असायची आणि पलीकडून हशाचा असा लोंढा यायचा की माझी पोरं त्या भिंतीकडे आशाळभूतपणे बघत राहायची. पुढे पुढे मीही पाठ जरा थांबवून ऐकायला लागले.

उंच, किंचित वाकलेले, पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट. एका खिशात खडूचे तुकडे, दुसऱ्यात खारे शेंगदाणे, आणि कुठल्या खिशात काय हे त्यांच्या कधीच लक्षात राहायचं नाही. खडू तोंडात टाकून थू थू करताना मी त्यांना पाहिलं आहे. स्वतःच्या या फजितीवर सगळ्यात आधी तेच हसायचे.

हेडमास्तरांचं नाव त्यांनी ‘सूचना’ ठेवलं होतं, कारण ते चहा मागवायचा असला तरी ‘एक सूचना आहे’ अशी सुरुवात करायचे. आमचे क्लार्क हसमुखभाई एका वाक्यात तीनदा थांबायचे, ते ‘बफरिंग’. एकसारखा गृहपाठ आणणारे दोन भाऊ ‘कॉपी’ आणि ‘पेस्ट’. एक मुलगा तास संपला की सगळ्या वर्गांतले उरलेले खडू गोळा करायचा, तो ‘कलेक्टर’. तो आता रिक्षा चालवतो आणि रिक्षाच्या मागे त्यानं मोठ्या अक्षरांत ‘कलेक्टर’ असं रंगवून घेतलंय. एकदा मी त्याच्या रिक्षात बसले तर म्हणाला, “बाई, सरांनी ठेवलेलं नाव आहे. पॅसेंजर विचारतात, मी सांगतो, इंग्लिशच्या सरांनी ठेवलंय.” जणू पदवीच मिळाली होती.

सरांचे या बाबतीत नियम होते. स्टाफरूममध्ये एकदा नव्या आलेल्या शिक्षकानं एका काळ्यासावळ्या मुलाला काहीतरी नाव ठेवलं, तेव्हा सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “अंगावर बोलायचं नाही, घरावर बोलायचं नाही, ताटावर बोलायचं नाही. जे पोरानं स्वतः केलंय, त्यावरच बोलायचं.” तोतऱ्या मुलाच्या बोलण्यावर, कुणाच्या फाटक्या दप्तरावर, दारू पिणाऱ्या बापावर सरांच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही. या नियमांवर त्यांचा फार विश्वास होता.

नववीच्या धड्यात ‘टीज’ हा शब्द आला, तो तास मी भिंतीपलीकडून पूर्ण ऐकला आहे. दरवर्षी तो धडा यायचा आणि दरवर्षी सर तो तसाच रंगवायचे. आधी एखाद्या पोराला लूमच्या कारखान्यातून सुताचा गुंता आणायला सांगायचे. मग तो बोटांनी हळूहळू मोकळा करत म्हणायचे, “हे बघा, हे टीज. मराठीत पिंजणं. कापूस पिंजतात तसं. गुंता ओढायचा नाही, ओढला तर तुटतो. हलक्या हातानं मोकळा करायचा. ब्यूटी पार्लरमध्ये नवरीचे केस पिंजारून फुगवतात, तेही टीज. सिनेमा यायच्या आधी टीव्हीवर जरासा तुकडा दाखवतात आणि आपल्याला ताटकळत ठेवतात, तो टीजर. आणि मी तुम्हाला जे करतो, तेही टीज. माणसालासुद्धा हलक्या हातानं मोकळं करायचं असतं.”

मग फळ्यावर ‘टीज’ आणि ‘इन्सल्ट’ असे दोन शब्द लिहून विचारायचे, “दोन्हींत फरक काय? सोपा आहे. ज्याला बोललो तो स्वतः हसला तर टीज. नाही हसला तर इन्सल्ट. मग लगेच सॉरी म्हणायचं.”

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, “सर, मग इव्ह टीजिंग म्हणजे काय? चौकीच्या बाहेर बोर्ड लावलाय.”

वर्गात खसखस पिकली. सर म्हणाले, “तो पेपरवाल्यांनी बिघडवलेला अर्थ आहे. परीक्षेत येणार नाही. बस खाली.”

रूपाली महाजन त्यांच्याकडे पाचवीत आली. शाळेच्या मागच्याच गल्लीत तिचं घर. वडील जगन्नाथभाऊ डाइंग मिलमध्ये, आई कमलबाई धागा कटिंगचं काम घरी आणणारी. रूपाली रोज सगळ्यांच्या आधी फाटकापर्यंत यायची, तिथं थबकायची आणि पाठ फिरवून घराकडे धूम ठोकायची. प्रार्थना सुरू व्हायच्या बेताला धापा टाकत परत हजर. “काय विसरलीस?” असं विचारलं की कधी कंपास म्हणायची, कधी पाण्याची बाटली. चारपाच दिवस हे पाहून सरांनी फाटकात दोन्ही हात पसरून जाहीर केलं, “आलं बघा आपलं रिटर्न तिकीट!”

सगळी रांग हसली. रूपालीही हसली. महिन्याभरात ‘तिकीट’ गळून पडलं आणि ‘रिटर्न’ उरलं. शाळेतून ते नाव गल्लीत गेलं, गल्लीतून किराणा दुकानात, चहाच्या टपरीवर. शेजारच्या बायका “रिटर्न, तुझ्या आईला बोलाव गं” म्हणायला लागल्या. पोरगी मोठी झाली, कॉलेजला गेली, इच्छापोरच्या एका कारखान्यात ऑफिसात लागली, तरी नाव तेच. सरांना फोन करायची तेव्हा स्वतःच म्हणायची, “सर, रिटर्न बोलतेय.” सर फोन ठेवल्यावर मला कौतुकानं सांगायचे, “बघा बाई, नाव कसं लागलंय पोरीला.”

रूपालीसाठी चलथाणचं स्थळ आलं. मुलगा हजीऱ्याच्या एका प्लँटमध्ये कायम नोकरीला, वडील भास्करराव सोनवणे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघं गच्चीवर जाऊन बोलून आली, दोघांनाही पसंत. पुढच्या रविवारी सुपारी फोडायची असं ठरत आलं होतं. त्याआधी मुलाचा मामा एकटाच गुपचूप चौकशीला आला. आपल्याकडे येतातच. त्यानं टपरीवाल्याला विचारलं, “जगन्नाथ महाजनांची रूपाली, त्यांचं घर कुठलं?”

टपरीवाला म्हणाला, “कोण, रिटर्न होय? ते काय, पिवळं घर.”

मामा पुढे गेला. नळावरच्या एका बाईला त्यानं मुलगी कशी आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली, “रिटर्न ना? फार गुणाची पोर आहे.”

मामाचं रिंगरोडवर कापडाचं दुकान होतं. मार्केटमध्ये रिटर्न म्हणजे एकच. व्यापाऱ्यानं उचललेला, उलगडून पाहिलेला आणि नापसंत करून परत पाठवलेला माल. त्यानं त्या पिवळ्या घराचं दारसुद्धा वाजवलं नाही. तिसऱ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला की मुलाकडच्यांचा विचार नाही. महाजनांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, “तुमची पोरगी आधी एकदा देऊन परत आलेली आहे, हे तुम्ही लपवायला नको होतं.”

महाजन नवराबायको शाळा सुटायच्या वेळी आले. मी आणि सर स्टाफरूममध्ये वह्या तपासत होतो. जगन्नाथभाऊंनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता, मान खाली घालून, जसं काही चूक त्यांचीच झाली होती. सरांना आधी कळलंच नाही. “पण रिटर्न म्हणजे... अहो ते तर...” असं म्हणता म्हणता ते थांबले. चेहऱ्यावरून रक्त उतरणं म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं.

कमलबाई इतका वेळ दाराला धरून उभ्या होत्या. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, “मन्ही पोरना काय गुन्हा शे, सर?”

सरांनी लाल पेनचं टोपण लावलं. परत काढलं. म्हणाले, “वहिनी, मी जातो चलथाणला. नाव मी ठेवलंय, मीच सांगतो त्यांना.”

रविवारी मीच त्यांना माझ्या स्कूटरवरून घेऊन गेले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि एकट्यानं जायला ते घाबरत होते. सबंध रस्ता ते मागे बसून काय बोलायचं याची तयारी करत होते. एरवी माझ्या मागे बसले की प्रत्येक खड्ड्याला एक शेरा असायचा. त्या दिवशी खड्डे नुसतेच येत गेले.

सोनवण्यांच्या घरी भास्करराव होते, त्यांची बायको होती आणि नेमका मामाही होता. पाणी आलं. सरांनी ग्लास हातात धरूनच सुरुवात केली. “मी रूपालीचा शिक्षक. तुमचा गैरसमज झालाय. मुलगी अगदी निष्कलंक आहे. ते रिटर्न नाव माझ्यामुळे पडलं. मी तिला टीज करायचो.”

मामा पुढे सरकून बसला. “काय करायचे?”

“टीज. शाळेत असल्यापासून. रोज सकाळी, फाटकात.” सरांना वाटलं, आता यांना उलगडतंय. ते भरभर बोलायला लागले. “तिला एकटीलाच नाही, मी सगळ्यांनाच टीज करतो. मुली काय, मुलं काय. त्यात वाईट हेतू काही नाही. तीही हसायची. तिला आवडायचं ते.”

सोनवणेबाई उठल्या आणि आत निघून गेल्या. मी घाईघाईनं म्हणाले, “सरांना म्हणायचंय मस्करी. थट्टामस्करी हो.”

“बाई, तुम्ही नका बोलू,” मामा म्हणाला. मग भास्कररावांकडे वळून, “एटले छेडती, म्हणजे छेडछाड. मास्तर स्वतःच्या तोंडानं सांगतोय.” आणि सरांना म्हणाला, “याची पोलीस केस होते, माहितेय का? आणि तुम्ही आमच्या घरी बसून सांगता, पोरीला आवडायचं?”

इंग्रजीतल्या त्या एका शब्दाचे इतके अर्थ पोरांना हसवत शिकवणाऱ्या माणसाला त्या कोचावर बसून मराठीतला एक साधा शब्द सापडेना. त्यांनी हात जोडले. हातात ग्लास होता तो तिरका झाला आणि पाणी त्यांच्या पँटवर सांडलं. भास्करराव सज्जन माणूस. त्यांनी सरांच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि म्हणाले, “या तुम्ही आता, मास्तर. हा विषय इथंच संपला.”

परत येताना उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ लागलं, तिथं सरांनी मला थांबायला लावलं. रस घेतला नाही. बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, “बाई, मला तो अर्थ माहीत होता. त्या पोरानं विचारला होता. मीच त्याला खाली बसवलं.”

जे मिटवायला गेलो होतो ते दुप्पट होऊन आमच्या मागोमाग उधन्यात पोचलं. मामा मार्केटमध्ये बोलला असणार, मार्केटमधून ते लूमवर आलं. इंग्लिशच्या मास्तरांनी महाजनांच्या पोरीला शाळेत असताना छेडलं होतं, आणि ते कबूलही करतात. आठवड्याभरात काही पालक आणि संस्थेचे एक ट्रस्टी हेडमास्तरांच्या खोलीत येऊन बसले. सरांना बोलावलं गेलं. हेडमास्तरांनी मलाही बोलावलं, चलथाणला बरोबर होते म्हणून. त्या दिवशी हेडमास्तर ‘एक सूचना आहे’ म्हणाले नाहीत.

ट्रस्टींनी विचारलं, “तुम्ही तिथं टीज हा शब्द वापरलात का?”

“वापरला,” सर म्हणाले.

“म्हणजे तुम्ही काय करत होता?”

मी काही बोलणार एवढ्यात दारात रूपाली उभी. इच्छापोरहून कंपनीच्या बसनं आली होती, तशीच थेट. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. आत येऊन तिनं सगळ्यांना नमस्कार केला आणि उभ्यानंच बोलली.

“माझ्याबद्दल चाललंय तर मला विचारा. सरांनी मला कधी वाईट नजरेनं बघितलं नाही. हात लावणं तर सोडाच. पाचवीत असताना एक नाव ठेवलं, तेवढंच. ज्याला पटत नसेल त्यानं माझ्याशी बोलावं. माझ्या आईवडिलांना विचारू नका आणि सरांना परत असं खोलीत बसवू नका.”

एवढं सरळ बोलणं ऐकायची कुणाला सवय नव्हती. पालक खुर्च्या सरकवत उठले. ट्रस्टी काहीतरी पुटपुटले आणि चहा न घेताच निघून गेले. प्रकरण तिथं मिटलं.

व्हरांड्यात सर तिच्या मागोमाग आले. त्यांचे डोळे भरले होते. “रूपाली, पोरी, फार उपकार केलेस.”

“जे खरं होतं ते सांगितलं, सर.” ती म्हणाली. “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, असं आता मी म्हणायला पाहिजे. पण ते खोटं होईल.”

सर म्हणाले, “तू हसायचीस गं. रोज हसायचीस. एकदा जरी तोंड वाकडं केलं असतंस तर मी त्याच दिवशी...”

“हसत होते, सर. सगळी रांग हसत होती. मी एकटीनं न हसून काय करायचं होतं?” तिचा आवाज अजून शांतच होता. “आणि मी कधीच काही विसरत नव्हते. पप्पा पहिल्या पाळीला जायचे, आई साड्यांचं पार्सल द्यायला जायची. धाकटा भाऊ घरात एकटा झोपलेला असायचा. फाटकापर्यंत आलं की मला वाटायचं, कडी नीट लावली ना? तो उठून रस्त्यावर तर नाही ना आला? म्हणून बघायला जायचे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सगळ्या रांगेसमोर सांगू, की आमच्या घरी लहान पोर एकटं ठेवतात?”

घरावर बोलायचं नाही, हा सरांचा स्वतःचा नियम. वर्षानुवर्षं ते फाटकात उभे राहून त्या पोरीच्या घरावरच बोलत आले होते. मी तिथून निघून जायला हवं होतं, पण पाय हलले नाहीत. सर व्हरांड्याच्या भिंतीला टेकले. दोन्ही खिशांवर त्यांनी हात फिरवला, काहीतरी शोधत असल्यासारखा, आणि हात तसेच खाली सोडले.

जाताना रूपाली म्हणाली, “नाव तेवढं काढून घ्या सर. मी सांगून कुणी ऐकत नाही. तुम्ही ठेवलंय, तुम्हीच काढा.”

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की सर मागच्या गल्लीत दारोदार जायला लागले. मुलांना शिकवायला नव्हे. दारात उभं राहून म्हणायचे, “नमस्कार, मी खांबेटे. एक विनंती होती. महाजनांच्या मुलीला रूपाली म्हणा. ते दुसरं नाव चुकीचं आहे, ते माझ्यामुळे पडलं.” बायकांना आधी हसू यायचं. “अहो सर, आम्ही प्रेमानंच म्हणतो,” असं कुणी म्हणालं की सर मान हलवायचे. “हो, मीही प्रेमानंच म्हणायचो.” टपरीवर, किराणा दुकानात, नळावर, इस्त्रीवाल्याकडे, सगळीकडे हेच. काही जणांना दोनदा, तीनदा सांगायला लागलं. लाज सोडून मागतात तसं ते मागत होते. खरं तर लाज त्यांनी एक क्षणही सोडली नव्हती. कान लाल व्हायचे, वाक्य अर्ध्यात तुटायचं, तरी पुढच्या दारापुढे उभे राहायचे.

गल्लीतल्या पोरांना हा आयताच खेळ मिळाला. सर कोपऱ्यावर दिसले की ती ओरडायची, “रिटर्न सर आले, रिटर्न सर!” मला वाटलं, आता हे खचणार. पण सर थांबले, वळले आणि म्हणाले, “हां, बोला.” टपरीवाल्यानं चेष्टेनं हाक मारली, “रिटर्न सर, कटिंग?” तर म्हणाले, “द्या.” मला कळायला वेळ लागला. ते नाव मोडता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून ते स्वतःवर ओढून घेत होते. आणि खरोखरच पावसाळा सरेपर्यंत ते नाव रूपालीवरून निघून सरांना चिकटलं. रूपाली रूपाली झाली. चलथाणचं स्थळ काही परत आलं नाही. पुढे तिनं तिच्याच ऑफिसातल्या, नंदुरबारकडच्या एका मुलाशी लग्न केलं. पत्रिका द्यायला ती सरांकडे स्वतः आली. लग्नात सर शेवटच्या रांगेत बसले, आशीर्वाद द्यायला सगळ्यात शेवटी गेले. ती वाकली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

वर्गात त्यांनी त्यानंतर कुणालाच नाव ठेवलं नाही. प्लायवूडच्या पलीकडून आता नीट, स्वच्छ इंग्रजी ऐकू यायचं आणि मधे मधे खोकला. माझी पोरं भिंतीकडे बघायची थांबली. एकदा मधल्या सुट्टीत पाचवीची दोनतीन मुलं माझ्याकडे आली. “बाई, खांबेटे सर आमच्यावर रागावलेत का? ताईच्या वर्गाला त्यांनी नावं ठेवली होती, आम्हाला ठेवत नाहीत.” त्यांतला एक तर मुद्दाम रोज चपला हातात घेऊन फाटकातून यायचा, सरांचं लक्ष जावं म्हणून. शेवटी त्यानं विचारलंच, “सर, मला नाव ठेवा ना.” सर खाली वाकून त्याला म्हणाले, “तुझं नाव आहे की बाळा. आईवडिलांनी ठेवलंय. चांगलं आहे ते.” पोरगं हिरमुसून गेलं. सरही त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

ते आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर राहायचे. सरांच्या पत्नी मालतीवहिनी मला एकदा जिन्यात म्हणाल्या, “घरीही बोलत नाहीत हो. माझ्या भाताला रोज काहीतरी म्हणायचे, मी चिडायची. आता नुसतं जेवतात. भात करपला तरी जेवतात.” मी सरांना एकदोनदा म्हणून पाहिलं, की एका चुकीपायी एवढं सगळं बंद करायचं म्हणजे जरा जास्तच होतंय, किती पोरांना तुमच्यामुळे इंग्रजीची भीती राहिली नाही. ते म्हणाले, “असेल. पण आता कुणी हसलं की मला कळत नाही, बाई, तो का हसतोय.”

निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना वडोदऱ्याला बोलावून घेतलं. जायच्या दिवशी सकाळी टेम्पो सामान घेऊन पुढे गेला आणि रिक्षा खाली येऊन उभी राहिली. मला उठायला उशीर झाला होता. त्यांच्यासाठी केलेल्या दशम्यांचा डबा घेऊन मी तशीच धावत जिना उतरले. मालतीवहिनी आत बसल्या होत्या. सर एक पाय रिक्षात ठेवून उभे होते. मी डबा दिला, वाकून नमस्कार केला आणि तेव्हा माझं मलाच दिसलं. एका पायात माझी तपकिरी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात आमच्या ह्यांची निळी, बोटभर मोठी, टाचेमागे फटफटणारी.

सरांनीही ते पाहिलं. त्यांची नजर माझ्या पायांवर गेली, एका चपलेवरून दुसरीवर, आणि ओठांचा एक कोपरा हलला. नुसता हलला. मी हसायच्या तयारीत उभी होते. काय म्हणतील ते म्हणू देत, आयुष्यभर लोकांनी मला त्या नावानं हाक मारली तरी चालेल, असं अगदी मनापासून वाटलं.

त्यांनी झटकन नजर दुसरीकडे वळवली. पाहिलं हीच चूक झाल्यासारखी.

“येतो, बाई,” ते म्हणाले. “सांभाळून जा वर. जिना ओला आहे.”

रिक्षा वळली. मी पाय तसेच ठेवून उभी राहिले, ती कोपऱ्यावरून दिसेनाशी होईपर्यंत. निदान एकदा तरी बाहेर डोकं काढतील, असं मला वाटत होतं.